जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

परळी क्षेत्रात जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. वैद्यनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला, ही गोष्ट येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या जीर्णोद्धारात देव जागचा हलला नाही. त्याच्याभोवतीचे घर मात्र नवे झाले. आज आम्ही ज्या जीर्णोद्धाराचा इतिहास सांगणार आहोत त्याची रीत नेमकी उलटी आहे. त्यात घर जुनेच राहते आणि आत बसलेला कर्ता तेवढा बदलतो. जुन्या घरगुती संगणकातील प्रोसेसर काढून त्या जागी, मध्ये एक अडॅप्टर घालून, नवा व अधिक वेगवान प्रोसेसर बसविणे, हा तो विषय होय. वरवर पाहता हा छंदिष्टांचा उद्योग वाटेल. परंतु जुनी वस्तू टाकावी की सुधारावी, आणि सुधारली तर ती कोठवर सुधारते, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. परळीला तर तो फार मोठ्या प्रमाणावर पडलेला आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारी मुख्य चिप. तिला अनेक धातूच्या पिना असतात. काही पिनांतून वीज येते, काहींतून माहितीची ने-आण होते, काहींतून स्मृतीतील कोणत्या घरातील माहिती हवी त्या घराचा क्रमांक बाहेर जातो, आणि एका पिनेवर घड्याळाचे ठोके पडत असतात. या ठोक्यांच्या तालावर सारे काम चालते. चिप ज्या खोबणीत बसते तिला सॉकेट म्हणतात. आता नव्या चिपेच्या पिना आणि जुन्या सॉकेटची भोके यांचा मेळ बसत नसेल तर मध्यस्थ लागतो. विहिरीवरच्या मोटारीची नळी आणि शेतातली नळी निरनिराळ्या मापांच्या असल्या म्हणजे आपण मध्ये रिड्यूसर बसवितो, तसाच हा प्रकार.

सर्वांत सोपा प्रसंग तो, की जेथे मध्यस्थाची गरजच पडली नाही. आयबीएम कंपनीने 1981 साली आपला सुप्रसिद्ध पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यात इंटेलची 8088 ही चाळीस पिनांची चिप होती. जपानच्या एनईसी कंपनीने 1984 साली व्ही-20 नावाची चिप काढली. ती 8088 च्या खोबणीत जशीच्या तशी बसे आणि त्याच ठोक्यांवर काही कामे अधिक लवकर उरके. जुनी चिप उचकटावी, नवी दाबून बसवावी, एवढेच काम. इंटेलला हे रुचले नाही. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि 1989 साली निकाल लागला. चिपेच्या पोटातील सूक्ष्म आज्ञावलीला ग्रंथाप्रमाणेच स्वामित्वहक्क मिळू शकतो, असे न्यायालयाने मानले. परंतु एनईसीने नक्कल केलेली नाही, असेही ठरविले. दुसऱ्याने बांधलेल्या घरात आपला कर्ता बसविण्याची वाट या निकालाने खुली राहिली.

दुसरा प्रकार अधिक अवघड. 6502 ही चिप अ‍ॅपल-2 आणि अटारी यांसारख्या घरगुती संगणकांत असे. तिच्या वंशातील 65सी816 ही चिप तिच्या जुन्या आज्ञा तर पाळतेच, शिवाय जेथे 6502 ला केवळ 64 किलोबाइट स्मृती दिसे तेथे हिला 16 मेगाबाइट दिसते. पण पिना तेवढ्याच चाळीस. म्हणून हिच्या कर्त्यांनी युक्ती केली: घराच्या क्रमांकाचा वरचा भाग ठोक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात माहितीच्याच तारांवरून बाहेर पाठवावयाचा आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच तारांवरून खरी माहिती न्यावयाची. जुन्या संगणकाला ही भाषा कळत नाही. मग अडॅप्टर म्हणून एक लहानशी पाटी करावी लागते आणि तीवर तो क्रमांक क्षणभर धरून ठेवणारी चिप बसवावी लागते. सारांश, अडॅप्टर हा नुसता जोडतुकडा नव्हे. तो दुभाष्या आहे.

आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे तर स्पेक्ट्रमचे घेता येईल. इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने 1982 साली काढलेला हा लहानसा संगणक घरच्या दूरदर्शन संचाला जोडता येई आणि कार्यक्रम साठविण्यासाठी गाण्यांची साधी कॅसेट वापरी. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने 1986 साली त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती परवाना घेऊन येथे विक्रीस आणली. त्यातील झेड-80ए चिप सेकंदाला 35 लक्ष ठोक्यांवर चाले. आज त्याच वंशातील कितीतरी वेगवान चिपा मिळतात. मग एखादी आणून बसविली तर काय बिघडले? बिघडते ते असे. या यंत्रात चित्र रेखाटणारी चिप आणि प्रोसेसर यांना स्मृतीचा एक भाग सामाईक आहे. चित्र रेखाटण्याची वेळ आली की प्रोसेसरला थांबावे लागते. शिवाय कॅसेटवरील आवाज ऐकून त्याचा अर्थ लावण्याचे काम प्रोसेसर मनातल्या मनात ठोके मोजून करतो. ठोके दुपटीने पडू लागले की मोजमाप चुकते आणि चांगली कॅसेट वाचता येईनाशी होते. म्हणून जाणते लोक अडॅप्टरमध्ये अशी सोय ठेवतात, की एरवी जलद चालावे आणि कॅसेट वाचताना मूळ चालीवर यावे. ज्या घरात राहावयाचे त्या घराची चाल सांभाळावी लागते.

या इतिहासात महाराष्ट्राच्या मातीचाही एक धागा आहे. विनोद धाम यांचा जन्म 1950 साली पुण्यास झाला. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, 1979 साली इंटेलमध्ये शिरले आणि 1993 साली प्रसिद्ध झालेल्या पेंटियमच्या निर्मितीत त्यांचा वाटा इतका मोठा होता, की लोक त्यांना पेंटियमचे जनक म्हणू लागले. पेंटियम आला तेव्हा घरोघरी आणि कचेऱ्यांत 486 जातीचे संगणक होते. त्यांच्या मालकांसाठी इंटेलने 1995 साली पेंटियम ओव्हरड्राइव्ह ही चिप काढली. तिच्यात अडॅप्टर पोटातच घातलेला होता. जुन्या पाटीवर पाच व्होल्ट वीज, नव्या चिपेला हवी 3.3 व्होल्ट, म्हणून दाब उतरविणारी योजना चिपेच्या अंगावरच होती. पेंटियमला माहितीचा रस्ता 64 पदरी लागतो, 486 च्या पाटीवर तो 32 पदरीच. ती उणीव भरून काढण्यासाठी चिपेच्या आतला जलद साठा दुप्पट, म्हणजे 32 किलोबाइट, केलेला होता. तरीही खऱ्या पेंटियमची बरोबरी तिला करता आली नाही. रस्ता अरुंद तो अरुंदच.

त्याच वर्षी धाम इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. तिचा एनएक्स586 हा प्रोसेसर गुणी होता, परंतु त्याला स्वतःचीच निराळी पाटी लागे. बाजारात ज्याची त्याची पाटी पेंटियमची. या पाहुण्याला बसावयास पाट मिळेना. पुढे एएमडी कंपनीने नेक्सजेन विकत घेतली आणि तिच्या नव्या प्रोसेसरची आखणी बदलून तो पेंटियमच्याच, सॉकेट-7 नावाच्या खोबणीत बसेल असा केला. हाच के-6. तो 1997 साली बाहेर पडला आणि चांगला खपला. गुण असून भागत नाही. जेथे लोक राहतात तेथे बसता आले पाहिजे, हा धडा या एका घराण्याच्या दोन चिपांनी दिला.

के-6 च्या पुढच्या पिढीला, के-6-2 ला, 2.2 व्होल्टच्या आसपास वीज लागे. जुन्या पाट्या 3.3 देत. एवढा दाब सरळ दिला तर चिप जळावयाची. म्हणून दाब उतरविणारे अडॅप्टर निघाले: खाली जुन्या खोबणीच्या पिना, मध्ये दाबनियंत्रक, वर नवी खोबण. वेगाचीही एक गंमत होती. पाटीच्या ठोक्यांची किती पट करावयाची हे पाटीवरील खुणांनी ठरते. जुन्या पाटीवर सहापटीची खूण नव्हतीच. पण 400 मेगाहर्ट्झ व त्यापुढील के-6-2 चिपा दुपटीच्या खुणेचा अर्थ सहापट असा घेत. पाटीचे 66 ठोके सहाने गुणले की 400 च्या घरात आकडा जाई. दुकानदारापुढे ही कामगिरी मिरविण्यासारखीच होती.

मात्र येथेच हिशेब नीट केला पाहिजे. समजा, एखाद्या कामास 100 सेकंद लागतात. त्यांतील 60 आकडेमोडीत जातात आणि 40 स्मृतीची वाट पाहण्यात. प्रोसेसर चौपट वेगवान केला तर 60 चे 15 होतील. 40 मात्र तसेच राहतील. एकूण 55. चौपटीचे पैसे मोजून दुप्पटही हाती येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

परळीकरांना हे सूत्र पुस्तकातून शिकावयास नको. येथील औष्णिक वीजकेंद्राचा 30 मेगावॅटचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. मग 210 मेगावॅटचे तीन संच आले, आणि 2007, 2010 व 2016 साली प्रत्येकी 250 मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. जुने संच एकामागून एक निवृत्त झाले. संच नवे, पण तहान भागविणारे पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यासारख्या त्याच साठ्यांतले. 2013 सालच्या दुष्काळात ते पाणी संपले आणि वीजकेंद्र थांबवावे लागले. संचांत दोष नव्हता. त्यांना पुरवठा करणारी वाट कोरडी पडली होती. कर्ता बदलला म्हणजे घर बदलले, हा समज किती महाग पडतो हे या गावाने पाहिले आहे.

मग जीर्णोद्धार करूच नये की काय? आमचे मत तसे नाही. एक घटना सांगून ते स्पष्ट करतो. बीबीसी मायक्रो हा इंग्लंडातील एकॉर्न कंपनीचा शाळांसाठीचा संगणक. आपल्या सरकारने 1984 साली शाळांत संगणकशिक्षणाची क्लास योजना सुरू केली, तेव्हा हेच यंत्र निवडले होते. त्याच्या कर्त्यांनी ट्यूब नावाचा एक दरवाजा मुद्दाम ठेवला होता. त्यातून दुसरा प्रोसेसर जोडता येई. जुना प्रोसेसर कळफलक व पडदा सांभाळी आणि नवा केवळ आकडेमोड करी. 26 एप्रिल 1985 रोजी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडविलेली एक नवी चिप केंब्रिजमध्ये प्रथम चालली, ती या जुन्या यंत्राचा दुसरा प्रोसेसर म्हणून. तिचे नाव एआरएम. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जो प्रोसेसर असतो तो बहुतेक करून तिच्याच वंशातला. जुन्या घराने दार ठेवले होते म्हणून नवा पाहुणा तेथे वाढला.

खेदाची गोष्ट ही, की त्याच वंशातील चिपा ज्या मोबाइलमध्ये बसतात त्यात असे दार नाही. तेथे प्रोसेसर पाटीला डाखलेला असतो. तो काढून दुसरा बसविणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले राहिलेले नाही. यंत्र लहान, पातळ आणि काटकसरी झाले हा लाभ खरा. परंतु एक भाग मागे पडला की सारे यंत्र टाकावे लागते, ही किंमतही खरी. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने 2022 साली समिती नेमली, तिच्यामागे हीच अडचण होती.

तेव्हा ज्यास जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार करावयाचा आहे त्याने तीन गोष्टी आधी पाहाव्यात. नवा कर्ता खोबणीत बसतो काय, त्याला पेलेल तेवढाच विजेचा दाब मिळतो काय, आणि काम अडते ते खरोखर त्याच्यापाशी अडते काय. पहिल्या दोहोंना अडॅप्टर पुरतो. तिसऱ्याला पुरत नाही. तेथे पाण्याची वाट आधी पाहावी लागते. आणि जे नवी घरे बांधीत आहेत त्यांच्याकडे आमचे एवढेच मागणे आहे, की उद्याच्या पाहुण्यासाठी त्यांनी एक दार ठेवावे.