उतारवयात तोल सांभाळण्याचा व्यायाम

"वय झालं की माणूस पडायचाच," असे घरोघरी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तोल सांभाळणे हे शरीराचे कौशल्य आहे. वापर कमी झाला की ते मंदावते आणि सराव केला तर सत्तरीनंतरही सुधारते.

तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळते: डोळे, आतला कान आणि तळपाय व सांध्यांतील जाणीव. मधुमेहात तळपाय बधिर झाले की सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणून असा रुग्ण उजेडात व्यवस्थित चालतो, पण रात्री लाइट गेली की अडखळतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर तोल जातो का, हे अशा रुग्णाला घरच्यांनी जरूर विचारावे.

"मी रोज दोन किलोमीटर चालतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. चालणे हृदयाला आणि साखरेला चांगलेच आहे, पण पडणे टाळायला तेवढे पुरत नाही. शरीर किंचित डळमळले आणि त्याने स्वतःला सावरले, तरच तोल सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम सांगितला आहे. नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसते.

सुरुवात स्वयंपाकाच्या ओट्याजवळ करा. प्लास्टिकची खुर्ची आधाराला घेऊ नका, ती सरकते. घरातले कोणीतरी शेजारी असू द्या. आधी दोन्ही पाय जुळवून 10 सेकंद उभे राहा. ते जमले की एक पाय अर्धा पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. आधारही असाच कमी करत जा: आधी दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटे. अजिबात डळमळत नसेल तर व्यायाम फार सोपा आहे. सारखे ओटा पकडावे लागत असेल तर एक पायरी मागे या. याच्या जोडीला भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, जमल्यास हाताचा आधार न घेता, 5 ते 10 वेळा उठणे-बसणे आणि ओटा धरून टाचा उचलणे करावे, म्हणजे पायांत ताकद येते. डोळे मिटून व्यायाम घरी एकट्याने करू नये.

वृक्षासन चांगले आहे, पण सत्तरीच्या माणसाने व्हिडिओ पाहून थेट तिथून सुरुवात करू नये. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात आणि सराव सोडला की फायदा ओसरतो.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घरातली कर्ती माणसे बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत अनेक घरांत आजी-आजोबा नातवंडांसह राहतात. त्या काळात खुब्याचे हाड मोडले तर उचलायलाही कोणी नसते. म्हणून व्यायाम पावसाळ्यातच, मुले-सुना घरी असताना सुरू करावा. कोयता निघण्यापूर्वी न्हाणीतले शेवाळ काढणे, संडासच्या वाटेवर दिवा लावणे आणि मोबाइल खिशात किंवा गळ्यात ठेवायची सवय लावणे, एवढे करून जावे.

ऊसतोड महिलांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले असतील तर हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा बहिणींनी साठीची वाट न पाहता चाळिशीतच हे व्यायाम सुरू करावेत आणि हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

वर्षभरात एकदा जरी पडला असाल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना भेटा. बीपी झोपून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. शुद्ध हरपून पडणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, यांत लगेच दवाखाना गाठा. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल किंवा पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल, तर मालिश करू नका, रुग्णाला चालवू नका. 108 ला फोन करा.