कॉटेज-बागेची फुले

इंग्लंडच्या ग्रामजीवनाचे चित्र डोळ्यांपुढे आणू लागले की गवती छपराचे बैठे घर, भिंतीवर चढलेला गुलाब वा हनीसकल, दारापर्यंत जाणारी अरुंद पायवाट आणि तिच्या दोन्ही अंगांना दाटीने उभी असलेली हॉलिहॉक, फॉक्सग्लव्ह, लॅव्हेंडर ही सारी ओघानेच येतात. या बागेला ‘कॉटेज-बाग’ असे म्हणतात. मराठीतील ‘परसबाग’ हा शब्द तिला जवळचा आहे. मात्र ती बहुधा घराच्या पुढे असते आणि तिच्यात भाजी व फुले यांचे वाफे वेगळे राहत नाहीत. आज या बागेसाठी फुले निवडणे हा हौसेचा विषय झाला आहे. पण ही फुले मुळात कोणी निवडली, कशासाठी निवडली आणि त्या निवडीचे श्रेय कोणाच्या पदरी पडले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

या निवडीच्या मुळाशी प्रथम उपयोग होता. टॉमस टसर याने १५७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शेतीविषयक पद्यग्रंथात गृहिणीने लावावयाच्या वनस्पतींच्या याद्या दिल्या आहेत. स्वयंपाकाच्या, औषधाच्या, अर्क काढण्याच्या, जमिनीवर पसरण्याच्या आणि खिडकीत वा कुंडीत ठेवण्याच्या, असे त्यांचे वर्ग आहेत. केवळ शोभेसाठी असा वर्ग खिडकीपुरताच आहे. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या रश्शात पडत, लॅव्हेंडर कपड्यांच्या घडीत जाई, थाइमवर मधमाश्या येत आणि गवताच्या पोळ्यांतून मध मिळे. विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ मध्ये फॉक्सग्लव्हवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे मूळ श्रॉपशरमधील एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती काढ्यात होते. काढ्यातील अनेक वनस्पतींतून विदरिंगने नेमकी गुणकारी वनस्पती ओळखली आणि पुढे हृदयरोगावरील एक महत्त्वाचे औषध वैद्यकाला लाभले. त्या वृद्धेचे नाव मात्र ग्रंथात नाही.

उपयोगाच्या जोडीला दुसरी कसोटी होती ती खर्चाची. शेतमजुराला रोप विकत घेणे परवडत नसे. म्हणून जे बी आपोआप पडून पुन्हा उगवते, ज्याचा गड्डा फोडून शेजारणीला देता येतो, ज्याची फांदी खोचली तरी रुजते, तेच त्याच्या बागेत टिकले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गावोगावच्या सामाईक जमिनी कुंपणे घालून खाजगी मालकीच्या करण्यात आल्या. चराईचा व सरपणाचा हक्क गेल्यावर घरालगतचा तुकडा हाच मजुराचा आधार उरला. नॉर्थॅम्प्टनशरमधील हेल्पस्टन गावासाठी असा कायदा १८०९ मध्ये झाला. जॉन क्लेअर हा शेतमजूर कवी त्याच गावचा. बर्ली हाउसच्या उद्यानात त्याने उमेदवारी केली होती. त्याच्या कवितेत फुले येतात ती गावकऱ्यांच्या बोलीतील नावांनी; लॅटिन नावांनी नव्हे. जमीन गेली तरी नावे आपली राहावीत, असा आग्रह त्या कवितेत दिसतो.

गरिबाची निवड केवळ गरजेपोटी होती, असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. लँकेशरचे विणकर घरीच मागावर बसत आणि दाराशी ऑरिक्युला वाढवीत. या फुलावरील पिठासारखी पूड पावसाने धुऊन जाते, म्हणून ते झाडाला आडोसा करीत. त्यांच्या मंडळांच्या स्पर्धांत तांब्याची किटली हे मानाचे बक्षीस असे. स्कॉटलंडमधील पेस्लीच्या विणकरांनी पिंक या फुलाच्या पाकळीवर गडद रंगाची रेखीव किनार असलेल्या जाती घडविल्या. पुढे काश्मिरी शालींची नक्कल याच गावी विणली गेली आणि आपली कोयरी पाश्चात्त्य जगात ‘पेस्ली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या हातांना विणीतला बारकावा कळत होता, त्यांनीच फुलातील बारकावा शोधला. यंत्रमाग आले, घरातले माग थांबले आणि त्या विणकरांच्या फुलांच्या बहुतेक जातीही नामशेष झाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास श्रीमंतांच्या उद्यानांत वेगळीच लाट आली. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला, काचगृहे वाढली आणि दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथून आलेली पेलार्गोनियम, कॅल्सिओलारिया यांसारखी रोपे हजारोंनी तयार करून उन्हाळ्यापुरती भूमितीच्या आकृत्यांत लावली जाऊ लागली. जुनी बहुवर्षायू फुले उपटून टाकण्यात आली. ती वाचली ती कॉटेजच्या दारी, कारण तेथे नवी रोपे घेण्याची ऐपतच नव्हती. याच काळात स्लाव येथील अनाथालयवजा निराधारगृहाचा व्यवस्थापक जॉन सिंकिन्स याने एक पांढरे, लवंगेच्या वासाचे पिंक तयार केले आणि त्याला पत्नीचे नाव दिले. ‘मिसेस सिंकिन्स’ हे फूल आजही कॉटेज-बागेच्या आवडत्या फुलांत गणले जाते. त्याचा निदल फाटतो आणि पाकळ्या विस्कटतात. स्पर्धेच्या दृष्टीने हा दोष होय. तरीही ते सुगंधाच्या बळावर टिकले.

या दारच्या फुलांकडे सुशिक्षितांचे लक्ष वेधले ते विल्यम रॉबिन्सन आणि गर्ट्रूड जेकिल यांनी. रॉबिन्सनचा ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ हा ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. जेकिल मूळच्या चित्रकार व कशिदाकार. दृष्टी मंदावल्यावर त्या पूर्णतः बागेकडे वळल्या. १८८९ मध्ये त्यांची तरुण वास्तुविशारद एडविन लट्यन्स याच्याशी ओळख झाली. दोघे घोडागाडीतून सरे परगण्यातील जुनी घरे पाहत हिंडत. १९०४ च्या ‘ओल्ड वेस्ट सरे’ या ग्रंथात जेकिलबाईंनी तेथील कष्टकऱ्यांची अवजारे, घरे आणि बागा यांची नोंद केली. याच लट्यन्सने पुढे नवी दिल्लीतील राष्ट्रपती भवनाची वास्तू आणि २०२३ मध्ये ‘अमृत उद्यान’ असे नामांतर झालेले मुघल उद्यान रचले.

या गौरवाला दुसरी बाजूही आहे. हेलन अ‍ॅलिंगहॅम यांनी सरेमधील जुनी घरे पडण्यापूर्वी वा बदलण्यापूर्वी जलरंगात उतरविली. त्यांचे हे कार्य मोलाचे आहे. परंतु त्या प्रसन्न चित्रांत गळके छप्पर, ओल आणि अपुरी मजुरी क्वचितच दिसते. शेतीच्या मंदीमुळे मजूर शहरांकडे जात होते, त्याच दशकांत त्यांची बाग रमणीयतेचा आदर्श ठरली. माणसे गेली आणि फुले उरली.

विसाव्या शतकात मार्जरी फिश यांनी सॉमरसेटमधील ईस्ट लॅम्ब्रुक मॅनर येथे ही परंपरा पुन्हा उभी केली. पतीला प्रशस्त हिरवळ आणि ठळक डेलिया प्रिय. त्यांना भिंतीच्या सांदीत उगवणाऱ्या लहान वनस्पती. १९५६ च्या ‘वी मेड अ गार्डन’ या पुस्तकात हा मतभेद मोकळेपणाने आला आहे. खेड्यांतील दारोदारी उरलेल्या जुन्या जाती त्यांनी जमविल्या आणि इतरांना वाटल्या. हे वाटणे हीच या बागेची मूळ रीत होती.

कॉटेज-बागेसाठी फुले निवडणारा आजचा हौशी माणूस वस्तुतः एका निवडलेल्या वारशातूनच निवड करीत असतो. पहिली निवड काढा करणाऱ्या वृद्धेची, मागावरच्या विणकराची आणि कुंपणावरून गड्डा देणाऱ्या शेजारणीची आहे. ग्रंथांत त्यांची नावे फारशी नाहीत. परंतु त्यांनी जे राखले नसते, ते कोणालाच निवडता आले नसते.