बारा हजार पौंडांचें वाद्य

वाद्य विकत घेणें हा प्रसंग आपल्याकडील सुशिक्षित घरांतून तसा नित्याचा आहे. मिरजेची तंबोऱ्यांची जोडी असो कीं पेटी असो, चार जाणत्यांना विचारून, हात लावून, सूर ऐकून मग पैसे मोजले जातात. आणि एकदां घेतलेली वस्तु नातवापर्यंत चालते. परंतु ज्या वाद्याच्या पोटांत तारा नाहींत, भाता नाहीं, सूर नाहींत, आहेत ते केवळ आंकडे, असें वाद्य घेण्याची वेळ आली म्हणजे हा सारा अनुभव लंगडा पडतो. डिजिटल सिंथेसायझर हें तें वाद्य. त्यांतहि लहानशा कारखान्यांत, मोजक्या संख्येनें तयार होणारे आणि मोटारीच्या किंमतीला विकले जाणारे सिंथेसायझर घ्यावे कीं न घ्यावे, हा प्रश्न आज पुष्कळ तरुण वादकांना आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या वडिलांना पडतो. प्रश्न मात्र आजचा नाहीं. ज्यांनीं तो पहिल्यानें सोडविला त्यांची हकीकत चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वींची आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे.

सिडनीच्या बंदराकांठीं एका आजीच्या घराचें तळघर येथून तिची सुरुवात होते. किम रायरी आणि पीटर व्होगेल या दोघां शाळासोबत्यांनीं १९७५ सालीं कंपनी काढली आणि समोरच्या पाण्यांतून जाणाऱ्या एका प्रवासी बोटीचें नांव, ‘फेअरलाइट’, तिला देऊन टाकलें. त्यांचा हेतु असा कीं, व्हायोलिन, बासरी, पियानो यांच्या स्वरांची घडण गणितानें मांडावी आणि संगणकाकडून तो स्वर पुन्हां निर्माण करवून घ्यावा. टोनी फर्स नांवाच्या अभियंत्यानें दोन मायक्रोप्रोसेसर जोडून अशा तऱ्हेचें एक यंत्र आधींच उभें केलें होतें. त्याचे हक्क त्यांनीं मिळविले. पण गणित कितीहि शुद्ध केलें तरी निघणारा आवाज निर्जीवच येई. १९७८ सालीं व्होगेल यांनीं रेडिओवर चालूं असलेल्या पियानोवादनाचा सेकंदभराचा तुकडा यंत्राच्या स्मरणांत घेतला आणि तोच तुकडा उंच-नीच स्वरांत वाजवून पाहिला. वर्षानुवर्षांच्या आंकडेमोडीला जें साधलें नव्हतें तें त्या तुकड्यानें साधलें. गंमत अशी कीं, या शोधाचा त्या दोघांना अभिमान वाटला नाहीं. खरा आवाज उचलून वाजविणें ही त्यांच्या लेखीं तडजोड होती, जवळजवळ लबाडी होती. ग्राहक जो आला तो मात्र या लबाडीसाठींच आला. ‘सॅम्पलिंग’ या नांवानें आज जी गोष्ट सर्वत्र चालते ती हीच.

१९७९ सालीं बाजारांत आलेलें तें वाद्य दिसण्यांत वाद्यासारखें नव्हतेंच. पियानोसारख्या पट्ट्या, एक भलीमोठी संगणकाची पेटी, हिरव्या अक्षरांचा पडदा, त्या पडद्यावर टेंकवून ध्वनीची आकृति काढण्याची प्रकाशलेखणी, आणि आठ इंच रुंदीच्या चुंबकीय चकत्या, असा सगळा संसार. एका वेळीं आठ स्वर निघत. प्रत्येक स्वरामागें स्मरण अवघें १६ किलोबाइट. त्यांत सेकंदभराचा आवाज कसाबसा मावे, आणि तोहि खोलींतून दाराआड ऐकावा तसा थोडा मळकट. आजच्या मोबाइलवरील एका छायाचित्राला याहून कितीतरी पटींनीं अधिक जागा लागते. आणि किंमत? इंग्लंडांत बारा हजार पौंड. त्या काळीं तेथें एवढ्या रकमेंत एखाद्या साधारण घराची जवळजवळ निम्मी किंमत चुकती झाली असती.

मग हें घेतलें कोणीं? व्होगेल तें यंत्र घेऊन १९७९ सालीं इंग्लंडांत गायक पीटर गेब्रियल यांच्या घरीं गेले, तेव्हां गेब्रियल आपल्या तिसऱ्या संग्रहाच्या ध्वनिमुद्रणांत गुंतले होते. फुटक्या बाटल्या, ठोकलेले नळ यांचे आवाज पट्ट्यांवर वाजतात हें पाहून ते इतके लुब्ध झाले कीं, त्यांनीं व त्यांचे चुलतबंधु स्टीफन पेन यांनीं तीं यंत्रें विकण्यासाठीं कंपनीच काढली. तिचा इंग्लंडांतील पहिला ग्राहक ‘लेड झेपेलिन’ या वाद्यवृंदांतील जॉन पॉल जोन्स. हे सगळे लोक धनिक होते, त्यांना बारा हजारांचें काय, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण धनिक माणूसहि एका वेळीं एकाच मूर्खपणावर पैसे उधळतो असें नाहीं, आणि यांतील कांहींजणांचा खर्च मूर्खपणाचा मुळींच नव्हता.

केट बुश या गायिकेचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. १९८० सालच्या त्यांच्या संग्रहांत काच फुटल्याचा आवाज फेअरलाइटवरून आला आहे. यंत्राशीं त्यांचा परिचय नुकताच झालेला होता. पुढें १९८२ च्या ‘द ड्रीमिंग’ या संग्रहांत त्याचा उपयोग सर्रास झाला. आतां हें ध्यानांत घ्यावें कीं, लंडनच्या मोठ्या स्टुडिओंतून तेव्हां काम चाले तें घड्याळाच्या कांट्यावर. दर तासाचें भाडें, तंत्रज्ञांची मजुरी, वादकांचें मानधन. आणि फेअरलाइट हें वाद्य तर असें कीं, एक आवाज मनासारखा जमेपर्यंत रात्र उलटावी. भाड्याच्या खोलींत भाड्याच्या वेळांत असलें काम करणें म्हणजे भिंतीवर पैसे लिहून पुसणें. बुश यांनीं १९८३ सालीं आपल्या कुटुंबाच्या घराजवळ स्वतःचा स्टुडिओ उभा केला आणि तेथें, कोणाचेंहि घड्याळ न पाहतां, १९८५ चा ‘हाउंड्ज ऑफ लव्ह’ हा संग्रह सिद्ध केला. त्यांतील ‘रनिंग अप दॅट हिल’ या गीताच्या प्रारंभींची सुरावट फेअरलाइटचीच आहे. तें गीत एका दूरचित्रवाणी मालिकेमुळें २०२२ सालीं, म्हणजे ३७ वर्षांनंतर, ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर गेलें. बारा हजार पौंडांत काय विकत मिळालें, तर आवाज नव्हे, वेळ मिळाला. आवाज तर दोन-तीन वर्षांतच स्वस्त होणार होता.

तो स्वस्त कसा झाला, हें इतिहासाच्या दृष्टीनें मनोरंजक आहे. कॅलिफोर्नियांतील ‘ई-म्यू’ या छोट्या कंपनीच्या डेव्ह रॉसम यांनीं १९८० सालीं फेअरलाइट पाहिलें. त्यांच्या मनांत आलें कीं, प्रत्येक स्वरासाठीं वेगळें स्मरण कशाला? आठ पाहुण्यांना आठ विहिरी खणण्यापेक्षां एकीलाच आठ रहाट लावावे! सर्व स्वरांनीं एकच स्मरण वांटून घ्यावें, या युक्तीनें १९८१ सालीं त्यांचें ‘इम्युलेटर’ निघालें तें सुमारें आठ हजार डॉलरांत. पडदा नाहीं, प्रकाशलेखणी नाहीं; पण लोकांना हवी होती ती लबाडी त्यांत सगळी होती. संगणकाच्या स्मरणाच्या चिपा दर वर्षीं स्वस्त होत होत्या. १९८४-८५ पर्यंत एका अमेरिकन कंपनीनें असलेंच वाद्य सतराशे डॉलरांच्या आंत आणून ठेविलें.

दुसरी बाजू जपानहून आली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जॉन चाऊनिंग या संगीतकारांनीं १९६७ सालीं एक शोध लाविला होता: एका कंपनानें दुसऱ्याला अतिवेगानें हलविलें तर थोडक्या गणितांत घंटा, पितळी वाद्यें, लाकडी वाद्यें यांचे भास उमटतात. अमेरिकेंतील ऑर्गन बनविणाऱ्या कंपन्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. यामाहा कंपनीनें हक्क घेतले आणि दहा वर्षें श्रम करून १९८३ सालीं ‘डीएक्स ७’ हा सिंथेसायझर सुमारें दोन हजार डॉलरांना विकावयास काढला. तो लाखाच्यावर खपला. पण स्वस्त वस्तूचाहि एक दंड असतो. त्यांत स्वतःचा आवाज घडविणें इतकें किचकट होतें कीं, बहुतेकांनीं कारखान्यांतून भरून आलेलेच आवाज वाजविले, आणि त्या दशकांतलीं निम्मीं गाणीं एकाच पियानोवर वाजविल्यासारखीं भासूं लागलीं.

वादकवर्गांत कुरबुर होतीच. १९८२ सालीं ब्रिटनमधील वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेनें सिंथेसायझरला बंदी करावी असा ठराव केला. मूळ संघानें तो उचलून धरला नाहीं. आपल्याकडे रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें होतें, तेव्हां पेटी कांहीं नाटकांतून आणि दिवाणखान्यांतून गेली नाहीं. तसेंच तेथेंहि झालें. फिल कॉलिन्स या गायकानें मात्र १९८५ च्या आपल्या संग्रहाच्या वेष्टनावर, यांत फेअरलाइट कोठेंहि नाहीं, असें छापून घेतलें. ज्याचा अभाव जाहिरातीसारखा मिरवावा लागतो, तें वाद्य किती बोकाळलें असेल!

आणि तरीहि फेअरलाइट कंपनी बुडाली. बाजार स्वस्ताईकडे धांवत असतां तिनें आपलीं यंत्रें अधिक चांगलीं आणि अधिक महाग केलीं. ऐंशीचें दशक संपण्यापूर्वीं ती बंद पडली. २०११ सालीं त्याच व्होगेल यांनीं जुन्या फेअरलाइटचे आवाज मोबाइलवर वाजविण्याचा एक प्रोग्रॅम काढला. अर्थात् अर्ध्या घराची किंमत खिशांतल्या नाण्यांवर आली.

येथें महाग डिजिटल वाद्याचा एक दोष सांगितला पाहिजे. तो दुकानांत ऐकूं येत नाहीं. पेटीचा सूर बसला तर कोणत्याहि गांवांतला कारागीर तो घासून जागेवर आणतो. पेटी बनविणारा जिवंत आहे कीं नाहीं याची चौकशी कोणी करीत नाहीं. छोट्या कारखान्याच्या सिंथेसायझरमध्यें खास चिपा असतात, खास पडदा असतो, आणि जो प्रोग्रॅम त्या सर्वांना चालवितो तो बनविणाऱ्याच्याच कपाटांत असतो. कारखाना गेला कीं विकत घेतलेलें वाद्य अनाथ होतें. जर्मनींत ‘हार्टमन न्यूरॉन’ नांवाचें हजारों यूरोंचें, अत्यंत देखणें आणि खरोखर नव्या कल्पनेचें वाद्य निघालें. कंपनी २००५ सालीं बंद झाली. ‘वाल्डोर्फ’ ही तेथलीच दुसरी कंपनी २००४ सालीं दिवाळखोरींत गेली, पण तिचें दैव बरें, दोन वर्षांत पुन्हां उभी राहिली. जो ग्राहक आवाज ऐकून पैसे मोजतो तो नकळत त्या कारखान्याच्या आयुष्यावरहि पैज लावीत असतो.

अशी सर्वांत मोठी पैज फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकारांनीं लाविली. त्यांनीं १९८३ च्या जानेवारींत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून आपल्या रचना स्वतःच्या पदरच्या पैशानें वाजवून घेतल्या. शंभराच्या आसपास वादक, तालमीला थोडे दिवस, रचना भयंकर अवघड; चुका राहिल्या, आणि ध्वनिमुद्रण ठिकठिकाणीं कापून जोडावें लागलें. दर खेपेला एवढा खर्च आणि दर खेपेला हाच मनस्ताप, असा हिशेब त्यांच्यासमोर होता. त्याच सुमारास त्यांनीं ‘सिंक्लाव्हियर’ घेतलें. डार्टमथ कॉलेजांतील संगीतकार जॉन ॲपल्टन आणि सिडनी अलोन्झो, कॅमेरॉन जोन्स हे दोन तंत्रज्ञ यांच्या कल्पनेंतून निघालेलें हें वाद्य व्हर्मांटमधील एक छोटी कंपनी बनवी. सर्व जोडण्यांसह त्याची किंमत पुढें दोन लाख डॉलरांच्याहि वर गेली. फेअरलाइट त्यापुढें गरीब. पण झॅपा यांच्या हिशेबांत तें महाग नव्हतें. एकदां पैसे भरले कीं कितीहि वेडीवांकडी लय लिहा, यंत्र ती तक्रार न करतां वाजवी, आणि मध्यरात्रीं वाजवी. १९८६ चा ‘जॅझ फ्रॉम हेल’ हा संग्रह एक रचना सोडली तर याच यंत्रावर झाला, आणि १९८८ सालीं त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

सिंक्लाव्हियरच्या कंपनीलाहि १९९२ च्या सुमारास टाळें लागलें. यंत्रें मात्र एकदम मेलीं नाहींत. जुन्या नोकरांपैकीं कांहींजणांनीं दुरुस्तीचें काम हातीं घेतलें, आणि कॅमेरॉन जोन्स यांनीं तर तें वाद्य प्रोग्रॅमच्या रूपानें नव्यानें लिहून २०१६ सालीं एका फ्रेंच कंपनीमार्फत बाजारांत आणलें. अनाथाला असा पालक भेटणें विरळा.

सप्टेंबर १९९२ मध्यें फ्रँकफुर्ट येथें ‘आन्सांब्ल मोडर्न’ या वाद्यवृंदानें झॅपा यांच्या रचनांचे कार्यक्रम केले. त्यांत ‘जॅझ फ्रॉम हेल’ मधली एक अतिद्रुत रचना होती. ती माणसांच्या हातून वाजणार नाहीं अशी त्यांची स्वतःची समजूत होती, आणि म्हणूनच ती यंत्रासाठीं लिहिली गेली होती. सिंक्लाव्हियरमधून छापून काढलेल्या स्वरलिपीवरून ती वाद्यवृंदासाठीं मांडण्यांत आली, महिनोन् महिने तालमी झाल्या, आणि माणसांनीं ती वाजविली. झॅपा तेव्हां कर्करोगानें खंगले होते, तरी त्या रचनेचें संचालन करण्यास ते स्वतः व्यासपीठावर उभे राहिले. पुढें घरीं परतल्यावर त्यांनीं यंत्र विकून टाकलें नाहीं. डिसेंबर १९९३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते त्यावर काम करीत होते, आणि त्यावरचा त्यांचा शेवटचा मोठा संग्रह १९९४ सालीं प्रसिद्ध झाला.