मुलकोवालचा चिमटा

मराठी माणसाचा उत्तरेच्या या भूमीशी असलेला संबंध म्हटला की पानिपतचे स्मरण होते आणि बहुधा तेथेच थांबते. परंतु मुंबई आणि जुना पंजाब यांना जोडणारा आणखी एक दुवा आहे. तो लसीच्या एका बाटलीचा आहे. ही हकीकत घडली तेव्हा आपले फरीदाबाद पंजाब प्रांताच्या दिल्ली जिल्ह्यात, बल्लभगढ तहसिलीत मोडत होते. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तिची नोंद असणे उचित होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन त्या वेळी मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्रतिबंधक लस सिद्ध करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा हलली, आणि तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यात (हा जिल्हा आज पाकिस्तानात आहे) मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना पाच बाटल्यांतील लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतील लस ज्या १९ जणांना मिळाली, त्यांना काही दिवसांत धनुर्वात झाला. ते सर्वच्या सर्व दगावले. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी एकालाही बाधा झाली नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. बाटली मुलकोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असा आयोगाचा निष्कर्ष होता. उत्पादन वाढावे म्हणून हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणे सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हा त्यांच्यावर मुख्य ठपका आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु चौकशीच्याच कागदपत्रांत एक साधी गोष्ट नमूद होती. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात जेमतेम बुचकळला आणि पुन्हा वापरला. बाटली उघडताना दुर्गंधी आल्याची नोंद नव्हती. धनुर्वाताचे जंतू परळपासून कित्येक दिवस आत वाढत असते तर ती आल्यावाचून राहिली नसती, असा हाफकिन यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. मलेरियाचा वाहक डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांनी २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हा दोषारोप असिद्ध असल्याचे प्रतिपादिले. त्याच वर्षी हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ करण्यात आली. ते कलकत्त्यास परतले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव मिळाले.

त्या चिमट्याला काय लागले असेल? धनुर्वाताचे बीजाणू मातीत, विशेषतः गुराढोरांच्या शेणखताच्या मातीत, वर्षानुवर्षे टिकून राहतात. जंतुनाशकात क्षणभर बुडविण्याने तर ते मरत नाहीतच; साध्या उकळण्यालाही ते दाद देतील याची खात्री नसते. त्यांना दाबाखालील वाफ लागते, १२१ अंश सेल्सिअस तापमान निदान पंधरा मिनिटे. चेंबरलँड यांचे ऑटोक्लेव्ह १८७९ पासून जगाला ठाऊक होते. कारखान्यांच्या या गावातील वाचकांना निराळे सांगावयास नको की, बाष्पयंत्रात दाब, तापमान आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसला तरच काम होते.

मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांची किंमत मात्र त्या गावापुरती राहिली नाही. पंजाबात लसीवरचा विश्वास डळमळला, टोचण्याची मोहीम ओसरली. हाफकिन दोषमुक्त झाले त्याच १९०७ साली प्लेगने पंजाब प्रांतात सहा लाखांहून अधिक बळी घेतले. ते सर्वच लसीने वाचले असते असे म्हणता येणार नाही. पण त्यांतील कित्येकांपर्यंत ती पोहोचलीच नाही, हे खरे.

आज सुई एकदाच वापरून फेकली जाते. तथापि चिमटे, कात्र्या, दुर्बिणी ही साधने पुनःपुन्हा वापरावीच लागतात. पोटात घालावयाच्या दुर्बिणीच्या अरुंद नळीत वाळलेला स्राव राहिला, तर त्याच्या आडोशाने जंतू तग धरतात आणि उत्तमोत्तम जंतुनाशकही तेथवर पोहोचत नाही. म्हणून आधी घासून स्वच्छ करणे, मग निर्जंतुक करणे, हा क्रम मोडता येत नाही. डोळ्यांना लखलखीत दिसणारे साधन निर्जंतुक असेलच असे नाही.

लसींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आज खुद्द फरीदाबादेत उभी आहे. अशा नगरात मुलकोवालची आठवण विशेष जपावी. कोणी दगावले ते कोणत्या बाटलीमुळे, हे कळू शकले याचे कारण तिचा क्रमांक टिपलेला होता. आणि हातून चिमटा पडणे हा काही अपराध नव्हे. तो कोणाच्याही हातून पडेल. ‘पडला’ असे निर्भयपणे सांगता यावे आणि दुसरा निर्जंतुक चिमटा हाताशी असावा, एवढी तजवीज प्रत्येक रुग्णालयाने ठेवली, तर त्या एकोणीस जणांचे मरण अगदीच व्यर्थ गेले असे होणार नाही.