घोडा नवा, ट्रेलर जुना : द्रोणागिरीच्या वाहतूकधंद्याचा हिशेब

पनवेल-उरण पट्ट्यातील द्रोणागिरीत ट्रेलरधंद्याचा इतिहास बंदरापासून सुरू होतो. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांच्या दारात कंटेनर आले आणि ते वाहून नेणारे ट्रेलरही आले. त्याआधीच नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने इथल्या जमिनी संपादित करायला सुरुवात केली होती. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्यांची शेती गेली त्यांतल्या अनेकांनी मोबदल्याच्या पैशातून गाडी घेतली. कधी नवी, पण बरेचदा जुनी. त्यामुळे गाडी म्हातारी झाली की इंजिन पुन्हा बांधायचे की ती मोडीत काढायची, हा प्रश्न इथे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात उरलेल्या भांडवलाचा असतो.

दुरुस्त करून वापरण्याची सवय मात्र बंदरापेक्षा बरीच जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, तो १९५४ मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या अमेरिकी गाड्या खासगी मालकांच्या हाती आल्या. त्यांची पेट्रोल इंजिने काढून पर्किन्सची डिझेल इंजिने बसवण्याचे काम १९५० च्या दशकात गॅरेजांत चाले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा मालमोटारींचा करार १९५४ चा, १९६९ मध्ये संपलेला. परवानाराजात नव्या चेसीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून आहे ती गाडी चालती ठेवणे हाच शहाणपणा ठरला. टाटाची रचना वर्षानुवर्षे फारशी बदलली नाही. एका गाडीचा भाग दुसरीला बसे, आणि मिस्त्रीच्या हाताला एकच इंजिन पाठ होई. देशभरातली दुरुस्तीची ही विद्या याच स्थिर रचनेवर उभी राहिली.

गॅरेजमध्ये या कामाचे दोन प्रकार मानले जातात. हाफ इंजिनात पिस्टन, रिंगा, लायनर आणि बेअरिंग बदलतात. फुल इंजिनात क्रँक, हेड, पंप सगळेच उतरते. ब्रीदरमधून धूर येऊ लागला, ऑइल खाणे वाढले आणि चढाला गाडी ओढेनाशी झाली, की मिस्त्री आधी क्रँक मोजतो. क्रँक घासून साफ केली की तिला पाव मिलिमीटर कमी व्यासाची बेअरिंगे लागतात, पुढच्या वेळी आणखी पाव मिलिमीटर. अशा तीन-चार पायऱ्या उतरल्या की क्रँक फेकून द्यावी लागते. इंजिन किती वेळा बांधले गेले आहे हे त्या मापातून कळते, त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा या मापावर विश्वास ठेवावा.

द्रोणागिरीत या हिशेबाला स्थानिक वळण मिळाले. बंदरातून कंटेनर फ्रेट स्टेशनपर्यंतची खेप थोड्या किलोमीटरची असते, पण रांगेत तासन्‌तास जातात आणि इंजिन धडधडत राहते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, झीज मात्र तासांची असते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार साध्या मालगाडीला बारा वर्षांनंतर आणि बहुअक्षीय गाडीला पंधरा वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही. लांबच्या रस्त्यावरून बाद झालेल्या गाड्या अशा रीतीने राज्यांतर्गत आणि बंदराच्या कामाकडे सरकल्या. इथल्या गाड्या म्हाताऱ्या का दिसतात, याचे मोठे कारण हा नियम आहे.

इंजिनापेक्षाही मोठा शत्रू खारा वारा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत केबिनचा पत्रा, चेसीचे सांधे आणि पाट्यांचे ब्रॅकेट गंजतात. इंजिन बदलता येते, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्याचा नवा क्रमांक चढवता येतो. चेसीचा क्रमांक हीच मात्र गाडीची ओळख, आणि चेसी सडली की गाडी संपली. ट्रेलरधंद्याने यातूनच तिसरा मार्ग काढला. ओढणारा घोडा आणि मागचा ट्रेलर यांची नोंदणी वेगवेगळी असते. ट्रेलरला इंजिन नसते. त्याच्या तुळया वेल्डिंगने सांधता येतात, कंटेनर जखडणारे ट्विस्ट लॉक आणि घोड्याला जोडणारी किंगपिन बदलता येतात. त्यामुळे घोडा बदलून जुनाच ट्रेलर पुढे वापरायचा, हा निर्णय बहुधा सर्वांत शहाणा असतो.

बंदर वाढत गेले तशी कामाची घाईही वाढली. १९९९ मध्ये पहिले खासगी टर्मिनल सुरू झाले, २००६ मध्ये गेटवे टर्मिनल्स, २०१८ मध्ये भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स. वाटेत बंद पडणारी गाडी घाईच्या कामात परवडत नाही. दुरुस्तीच्या परंपरेला खरा धक्का मात्र इंजिनातून बसला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. पंप आणि नोझल कानाने ओळखणाऱ्या मिस्त्रीसमोर सेन्सर, संगणक आणि युरियाच्या टाक्या आल्या. आता बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. गुंतागुंतीच्या नव्या गाडीमुळे जुन्या साध्या गाडीची किंमत काही काळ वाढली, तिचे सुटे भाग मात्र हळूहळू दुर्मीळ होत चालले आहेत.

पैशाची बाजूही सरळ नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्याने चालणाऱ्या मालगाडीचा घसारा दरवर्षी तीस टक्के धरला जातो. शंभर रुपयांच्या गाडीची वहीतली किंमत पाच वर्षांनी सतरा रुपयांच्या आसपास उरते. हप्ते फिटलेली अशी गाडी प्रत्यक्षात कमाई करतच असते, म्हणून मालक इंजिनावर खर्च करायला तयार होतो. पण पासिंगचा, म्हणजे योग्यता तपासणीचा, खर्च दुसऱ्या बाजूला उभा राहतो. १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांपुढील जड मालगाडीच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची फी साडेबारा हजार रुपये झाली. उलट नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या व्यावसायिक गाडीच्या मोटार वाहन करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद २०२१ च्या धोरणात आहे.

चेसी शाबूत असेल, गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल आणि क्रँकच्या पायऱ्या उरल्या असतील, तर हाफ इंजिन करून तीन-चार वर्षे काढणे हिताचे ठरते. सांधे गंजलेल्या चेसीवर मात्र फुल इंजिनाचा खर्च करू नये.