दिनविशेष : १ जून – एसटीची पहिली गाडी, पहिली ‘शिवाई’

१ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या सरकारी सेवेची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. गाडी बेडफर्ड, लाकडी बांधणीची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये.

आपला धाराशिव जिल्हा तेव्हा या सेवेत नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानानेही १९३२ मध्येच रेल्वे खात्यामार्फत २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत धाराशिवसह मराठवाडा मुंबई राज्यात आला.

१ जून २०२२ रोजी त्याच पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली विजेवरची बस ‘शिवाई’ सुरू झाली. त्याआधी, मार्च २०१८ मध्ये, टाटा मोटर्सच्या २५ हायब्रिड ‘स्टारबस’ मुंबईत महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) दाखल झाल्या होत्या; पण त्या पूर्णपणे विजेवरच्या नव्हत्या. हायब्रिड बसमध्ये डिझेल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक लागला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि गाडी पुन्हा सुटताना कामी येते. म्हणूनच थांब्याथांब्याला उभ्या राहणाऱ्या शहरी बसला हे तंत्र विशेष मानवते. लांबच्या, मोकळ्या रस्त्यावर त्याचा लाभ बराच कमी.

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. ‘शिवाई’सारख्या धूर न सोडणाऱ्या गाड्यांचे वाटप करताना एसटी महामंडळाने धाराशिव–तुळजापूर मार्गाचा विचार अग्रक्रमाने करावा.