व्हिसा रद्द? अपील करा, पण आधी देश सोडा!

आजची गोष्ट ब्रिटनची, आणि फार जुनीही नाही.

फेब्रुवारी २०१४. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं गेलं. व्हिसासाठी लागणारी ‘टोइक’ ही इंग्रजीची परीक्षा चाललीये आणि विद्यार्थ्यांच्या जागी डमी बसलेत! फसवणूक खरी होती, त्यात वाद नाही. खरा गोंधळ झाला तो पुढे.

तेव्हा थेरेसा मे गृहमंत्री होत्या. गृहखात्याने परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेला तपासणी करायला लावली. आवाजाची रेकॉर्डिंग्ज आधी सॉफ्टवेअरने तपासली, मग माणसांनी ऐकली. निकाल काय? २०११ ते २०१४ मधल्या सुमारे ५८ हजार चाचण्यांपैकी ५८ टक्के ‘अवैध’ आणि ३९ टक्के ‘शंकास्पद’. म्हणजे शंभरातल्या जेमतेम तीन चाचण्या स्वच्छ! हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले. त्यात आपल्या भारतातलीही बरीच मुलं होती.

आता तुम्ही म्हणाल, चूक नव्हती तर अपील करायचं ना! इथेच तर मेख होती. अनेकांना जी नोटीस आली, तिच्यावर अपील करता येत होतं, पण ब्रिटन सोडल्यावरच. विचार करा, आरोप आहे खोटेपणाचा. मुद्दा एकच, हा माणूस खरं बोलतोय का? आणि न्यायाधीशासमोर तो माणूसच नाही, नुसते कागद!

काही विद्यार्थी हटून बसले आणि कोर्टात लढले. डिसेंबर २०१७ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं. ज्याच्या प्रामाणिकपणावरच संशय आहे, त्याला निदान व्हिडिओवरून तरी स्वतः बोलता आलं पाहिजे. ती सोय नसेल, तर परदेशातून केलेलं अपील हा पुरेसा न्याय नाही.

२०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशोब मांडला. सुमारे १२,५०० अपिलांपैकी ३,६०० विद्यार्थ्यांच्या बाजूने लागली. पण तोवर सुमारे २,५०० जणांना जबरदस्तीने परत पाठवलं होतं, आणि ७,२०० जण आपणहून निघून गेले होते. यातले सगळेच निर्दोष होते का? तसंही नाही. २०२२ मध्ये तिथल्याच वरिष्ठ न्यायाधिकरणाने सांगितलं, की सरकारचा पुरावा अगदीच पोकळ नाही, विद्यार्थ्यांना त्याचं उत्तर द्यावंच लागेल. पण उत्तर द्यायचं, तर आधी ते देण्याची संधी तर मिळायला हवी!

म्हणून उद्या तुमच्या किंवा मित्राच्या हाती असं पत्र पडलं, तर घाबरून लगेच बॅग भरू नका. आधी तीन गोष्टी बघा: अपील आहे की फक्त फेरतपासणी, मुदत किती, आणि ते कुठून करता येतं? मग लगेच वकील गाठा. कारण एकदा विमानात बसलात, की तीच लढाई कितीतरी अवघड होऊन बसते.

भेटू पुढच्या भागात!